सल्ला दुकानदाराचा, सायकल आपली

सायकल घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात सायकलीच्या आधी सल्ला मिळतो. त्याने अजून तोंडही उघडलेले नसते. ‘साहेब, तुमच्या उंचीला हीच बसेल’, ‘गिअरची घेऊ नका, महिन्यात बिघडते’, ‘शॉकअपशिवाय आपल्या रस्त्यांवर चालायचेच नाही’, ‘या वयात रेसिंगची कशाला?’ अशी वाक्ये काउंटरच्या पलीकडून, कधी हवा भरणाऱ्या पोऱ्याकडून, तर कधी पंक्चर काढायला आलेल्या तिसऱ्याच गिऱ्हाइकाकडून येत राहतात. नवख्या माणसाची मग दोनपैकी एक गत होते. तो संकोचाने मान डोलावतो आणि नको असलेली सायकल घरी आणतो. किंवा त्याला राग येतो आणि त्या रागात एखादी खरोखर कामाची सूचनाही तो धुडकावून लावतो. दुसऱ्या चुकीची किंमत कधी कधी पहिलीपेक्षा जास्त असते.

सिन्नरसारख्या गावात हा प्रश्न मोठ्या शहरापेक्षा थोडा वेगळा आहे. पुण्या-मुंबईत एका दुकानात पटले नाही तर माणूस दुसऱ्या दुकानात जातो. येथे दुकाने मोजकी, दुकानदार ओळखीचा, बहुधा वडिलांच्या पिढीपासूनचा. त्याला ‘तुमचे म्हणणे मला पटत नाही’ असे सांगणे जड जाते. उद्या पंक्चर झाले तर त्याच्याच दारात जायचे असते. म्हणून सल्ला ऐकायचा कसा, पारखायचा कसा आणि नाकारायचा झाल्यास संबंध न बिघडवता कसा नाकारायचा, हे सायकलीच्या किमतीइतकेच आधी ठरवून दुकानात जाणे चांगले.

दुकानदाराची बाजूही समजून घ्यायला हवी. तालुक्याच्या गावातील सायकलचे दुकान एके काळी तासावर भाड्याने सायकली देणारे, ओव्हरऑइलिंग करणारे, चाकाचा आउट काढून देणारे ठिकाण होते. विडी कामगार, शाळकरी मुले, पुढे माळेगाव आणि मुसळगावच्या औद्योगिक वसाहतींत पाळीला जाणारे कामगार हे त्याचे गिऱ्हाईक. काळी, अठ्ठावीस इंची, दांडीची सायकल त्याने शेकडो वेळा सुटी करून पुन्हा जोडलेली असते; तिच्याबद्दलचे त्याचे ज्ञान पुस्तकी नाही, हाताचे आहे. नंतर मोटारसायकली आल्या आणि हे गिऱ्हाईक गेले. अलीकडच्या दशकात सायकल परत आली, पण वेगळ्या रूपाने. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. तेव्हापासून नाशिक जिल्ह्यात प्रौढ वयात सायकल हाती घेणाऱ्यांची चर्चा घरोघरी होऊ लागली. २०२० च्या टाळेबंदीनंतर तिला आणखी जोर आला. हे नवे गिऱ्हाईक वजन, मधुमेह, गुडघे, हृदय यांची भाषा बोलते. दुकानदाराकडे मात्र या नव्या सायकलींची माहिती कंपनीच्या विक्रेत्याने सांगितली तेवढीच असते. जुन्या सायकलीचा अनुभव तो नव्या सायकलीला लावतो, आणि सल्ल्यातली बरीचशी गफलत येथे होते. प्रत्येक वेळी त्यामागे लबाडी असतेच असे नाही.

घाट आधी, गिअर नंतर

गिअरचा वाद घ्या. ‘बिगर गिअरचीच घ्या, देखभाल नाही’ हा सल्ला गावातल्या गावात, बसस्थानकापासून गोंदेश्वराच्या मंदिरापर्यंत फिरणाऱ्यासाठी शंभर टक्के योग्य आहे. डुबेरे या पहिल्या बाजीरावाच्या जन्मगावापर्यंत रविवारी सकाळी जाऊन येणाऱ्यालाही तो चालून जाईल. पण ज्याच्या मनात नाशिकपर्यंत जाण्याचे आहे, त्याने मोहदरी घाटाचा विचार केल्याशिवाय हा सल्ला मानू नये. सिन्नर उंचावर आहे. येथून नाशिकला जाताना घाट उताराचा लागतो, म्हणजे सकाळी ताज्या पायांना चढ नाहीच. चढ येतो तो परतताना, दमलेल्या अवस्थेत, ऊन डोक्यावर आलेले असताना आणि शेजारून अवजड वाहने जात असताना. नाशिकच्या माणसाचे नेमके उलटे असते. त्यामुळे नाशिकमधील मित्राचा अनुभव सिन्नरकराला जसाच्या तसा लागू पडत नाही.

येथे थोडे गणित उपयोगी आहे. जुन्या पद्धतीच्या सायकलीला पुढे साधारण ४४ दात्यांची आणि मागे १८ दात्यांची चक्री असते. पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल पाच मीटरच्या वर पुढे जाते. सपाटीवर हे छान. चढावर मात्र प्रत्येक फेऱ्यात स्वतःचे वजन आणि सायकलीचे वजन पाच मीटर ओढायचे असते. गिअरच्या सायकलीत पुढे २८ आणि मागेही २८ दाते अशी जोडी मिळाली, तर एका फेऱ्यात सायकल दोन मीटरच्या आसपासच सरकते. वेग कमी, पण गुडघ्यावरचा भार निम्म्याहून कमी. तेव्हा दुकानात ‘किती गिअर आहेत?’ हा प्रश्न फारसा कामाचा नाही. एकवीस गिअरच्या सायकलीतही त्यांतले कित्येक गिअर एकमेकांच्या जवळपास येतात. पुढची सर्वांत लहान आणि मागची सर्वांत मोठी चक्री किती दात्यांची, हे विचारावे. दुकानदाराला आकडा ठाऊक नसेल तर दाते बोटाने मोजावेत. मिनिटभराचे काम आहे. असे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला नंतर फारसे उपदेश मिळत नाहीत, असाही अनुभव आहे.

ज्यांना शिर्डीच्या बाजूला, वावीकडे जायचे आहे त्यांच्यासाठी चढाची अडचण कमी आणि वाऱ्याची व काट्यांची अधिक. तालुक्याच्या कोरड्या पूर्व भागात रस्त्याच्या कडेला वेड्या बाभळी आहेत. तिथे ‘एक जादा ट्यूब, पंप आणि पाने बरोबर ठेवा’ असा न विचारता मिळालेला सल्ला दुकानदाराने विक्रीसाठी दिला असला, तरी तो तंतोतंत खरा आहे. तो मानावा. समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो म्हणून त्यावरून सराव करावा असे कोणी सुचवले, तर ते मात्र साफ चुकीचे आहे. त्या मार्गावर सायकलला आणि दुचाकीला प्रवेश नाही.

सीटची उंची

सर्वांत अधिक आणि सर्वांत चुकीचा सल्ला मिळतो तो सीटच्या उंचीबद्दल. ‘दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत’ हे वाक्य इतक्या आत्मविश्वासाने सांगितले जाते की ते नियमच वाटू लागते. त्याचे मूळ समजण्यासारखे आहे. भाड्याची सायकल शिकणाऱ्या मुलाला द्यायची असे, तो पडू नये एवढीच चिंता होती. पण दहा-पंधरा किलोमीटर चालवणाऱ्या प्रौढ माणसाने इतकी खाली सीट ठेवली, तर पेडल वर येताना गुडघा प्रमाणाबाहेर दुमडतो आणि थोड्याच दिवसांत वाटीच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. प्रस्तुत लेखकाने सुरुवातीला दुकानात बसवून दिलेल्या सीटवर तीन आठवडे काढले आणि गुडघेदुखीचा दोष वयाला दिला. सीट चार बोटे वर घेतल्यावर दुखणे ओसरले. कित्येकांची सायकल अशाच दुखण्यामुळे जिन्याखाली जाते आणि ‘आपल्याला सायकल झेपत नाही’ असा गैरसमज कायमचा होतो. मधुमेहासाठी डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेल्या माणसाचे यात होणारे नुकसान पैशांत मोजता येत नाही.

योग्य उंची शोधण्याची घरगुती रीत अशी : भिंतीला हात टेकून सीटवर बसावे, एक पेडल अगदी खाली आणावे आणि त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला पाहिजे, पण त्यासाठी कंबर एका बाजूला कलती होता कामा नये. नंतर नेहमीप्रमाणे चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप किंचित बाक राहतो. ज्यांना आकडा हवा त्यांच्यासाठी अमेरिकन शर्यतपटू ग्रेग लेमाँड याच्या नावाने प्रसिद्ध असलेले सूत्र आहे. अनवाणी उभे राहून जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची मोजावी आणि तिला ०.८८३ ने गुणावे. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. जांघेची उंची ७८ सेंटिमीटर असेल तर हे अंतर सुमारे ६९ सेंटिमीटर येते. सूत्र अंतिम नाही. गुडघ्याच्या मागच्या बाजूला ताण जाणवू लागला तर सीट थोडी जास्त वर गेली आहे असे समजून ती उतरवावी. या उंचीला थांबताना केवळ चवडा टेकतो, म्हणून थांबायच्या वेळी सीटवरून पुढे उतरून एक पाय जमिनीवर ठेवण्याची सवय करावी लागते. अगदीच भीती वाटत असेल तर पहिले काही दिवस सीट खाली ठेवून आठवड्याला एकेक सेंटिमीटर वर न्यावी. एक मर्यादा मात्र पाळायचीच : सीटच्या नळीवर कमाल उंचीची रेघ कोरलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. ती बाहेर आली म्हणजे फ्रेम आपल्याला लहान आहे, आणि मग प्रश्न सीटचा नसून सायकलीच्या मापाचा आहे.

येथेच एक व्यावहारिक युक्ती सांगून ठेवतो. सीट बसवल्यावर नळी जिथे फ्रेममध्ये शिरते तिथे इलेक्ट्रिकच्या कामाची चिकटपट्टी गुंडाळावी. दुरुस्तीला सायकल दिली की कारागीर चाचणी घेताना ती स्वतःच्या उंचीला उतरवतो, किंवा आपल्याला मदत म्हणून ‘ठीक’ करून ठेवतो. पट्टी असली की वाद न घालता, मोजमाप न करता ती पुन्हा जागेवर आणता येते.

शॉकअपबद्दल एवढेच सांगणे पुरे की स्वस्त सायकलीतला पुढचा शॉकअप दोनेक किलो वजन वाढवतो आणि चढावर उभे राहून पेडल मारताना आपली शक्ती खातो. डांबरी रस्त्याला त्याची गरज नाही. शेतातल्या वाटांना आहे. जाड टायर आणि डिस्क ब्रेक यांचेही तसेच, आपण कुठे चालवणार यावर अवलंबून. मऊ जेलचे सीट-कव्हर नवख्याला हमखास विकले जाते. पहिल्या दोन आठवड्यांची बसण्याची दुखरी जागा सवयीने बरी होते, कव्हरने नव्हे. आणि हवा ‘फुल्ल’ भरून देण्याचा आग्रह होतो तेव्हा टायरच्या कडेवर छापलेला आकडा पाहावा. तिथे अमुक ते अमुक पौंड असा पल्ला दिलेला असतो. बसणाऱ्याचे वजन जास्त असेल तर वरच्या टोकाला, कमी असेल तर खालच्या टोकाला हवा ठेवावी. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरने अरुंद टायरमध्ये हवा भरू देऊ नये, क्षणात ट्यूब फुटते.

‘ताई, तुम्हाला ही लेडीज सायकल’

स्त्रियांना मिळणाऱ्या अनाहूत सल्ल्याचा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण त्यात सायकलीपेक्षा बाईविषयीचे अंदाज अधिक असतात. दुकानात पती किंवा भाऊ सोबत असेल तर बोलणे त्याच्याशीच होते. पुढे टोपली असलेली, खाली वाकलेल्या दांडीची सायकल समोर आणली जाते. साडी किंवा लांब कुर्ता घालून चालवायची असेल तर अशी दांडी सोयीची आहे, यात शंका नाही. पण घाट चढण्याचा बेत असलेल्या बाईला तीच दाखवणे म्हणजे तिचे म्हणणे न ऐकणे होय. येथे स्पष्ट शब्दांत, शांतपणे सांगावे : ‘दादा, सायकल मी चालवणार आहे. मला रोज वीस किलोमीटर जायचे आहे, माझी उंची अमुक आहे. या उंचीच्या तीन सायकली दाखवा.’ काम, अंतर आणि माप या तीन गोष्टी सांगितल्या की बोलण्याचा रोख बदलतो. सोबतच्या पुरुषाने अशा वेळी दुकानाबाहेर चहा घ्यावा, हे उत्तम.

मुलांच्या बाबतीतला नेहमीचा सल्ला ‘पोरगा वाढता आहे, मोठीच घ्या’ असा. काटकसरी पालकाला तो गोड वाटतो. दांडीखालून पाय घालून सायकल शिकलेली पिढी आज पालकांच्या भूमिकेत आहे, त्यामुळे त्यात गैर काही दिसतही नाही. पण ज्या सायकलीच्या ब्रेकच्या दांड्यापर्यंत मुलाची बोटे पोहोचत नाहीत, ती सायकल त्याला रहदारीत देणे धोक्याचे आहे. मुलाला सीटवर बसवून ब्रेक दाबायला सांगावे. एका हाताच्या दोन बोटांनी तो पूर्ण दाबता आला नाही तर ती सायकल परत ठेवावी, मग ती कितीही ‘पुढची चार वर्षे चालणारी’ असो.

आता बोलायचे कसे. न विचारलेल्या सल्ल्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘का?’ विचारणे सर्वांत सोपे. ‘गिअर बिघडतात म्हणता, नेमके काय बिघडते? केबल की हँगर?’ खऱ्या अनुभवाने बोलणारा कारागीर लगेच खुलतो, वाकडा झालेला एखादा भाग काढून दाखवतो, आणि आपल्याला दहा मिनिटांत बरेच शिकवतो. ऐकीव बोलणारा ‘सगळे तेच म्हणतात’ यावर येतो. विक्रीसाठी बोलणारा विषय बदलून सवलतीकडे वळतो. ही पारख करण्यासाठी तांत्रिक ज्ञान लागत नाही. पहिल्या भेटीत पैसे बरोबर नेऊच नयेत, किंवा निदान सांगावे की ‘आज बघायला आलो आहे, घरी बोलून येतो’. हे वाक्य आपल्याकडे कोणालाही लागत नाही; ते नकार नसते आणि होकारही नसते. वयावरून किंवा शरीरावरून टोमणा मारला गेला तर हसून सोडून देण्याचे बंधन आपल्यावर नाही. ‘सायकलीबद्दल बोलू या’ एवढे म्हणून थांबावे.

मात्र काही सूचना अशा असतात की त्या कोणीही, कोणत्याही सुरात दिल्या तरी तत्काळ थांबून ऐकाव्यात. पुढचे चाक ढिले आहे, ब्रेकचे रबर रिमऐवजी टायरला घासते आहे, पेडल तिरके फिरते आहे, पुढचा चिमटा उलटा बसला आहे, अशा त्या सूचना. सायकली कारखान्यातून अर्धवट जोडलेल्या खोक्यात येतात आणि दुकानात पूर्ण होतात, त्यामुळे चिमटा उलटा बसण्याचा प्रकार घडतो. पुढचा ब्रेक फ्रेमच्या बाजूला, म्हणजे मागे तोंड करून दिसला की ओळखावे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते उजव्या बाजूला जबरदस्तीने पिळले तर क्रँकच वाया जातो. घाट उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, सोडत-दाबत उतरा, हा मोहदरीच्या चढ-उताराची माहिती असलेल्या जुन्या माणसाचा सल्ला तर सोन्यासारखा आहे; सतत दाबल्याने रिम आणि रबर तापतात व ब्रेकची पकड कमी होते. हेल्मेटचेही तसेच. मोटार वाहन कायद्यातील सक्ती सायकलस्वाराला नाही, पण म्हणून दुकानदाराने हेल्मेट पुढे केले तर तो लुबाडतो आहे असे समजू नये.

दुकानातील सल्लागारांच्या परंपरेत एक नाव आदराने घ्यावे असे आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील एका सायकल-दुकानात काम करणारे शेल्डन ब्राउन गिऱ्हाइकांना जे सांगत, ते त्यांनी इंटरनेटवर लिहून ठेवले. चेन कशी मोजावी, चाक कसे विणावे, जुन्या इंग्रजी सायकलींचे भाग कोणते, अशी ती शेकडो पाने जगभरचे कारागीर आजही उघडतात. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. ते दुकानही पुढे बंद झाले. त्यांच्या लेखनाची खूण अशी की प्रत्येक सूचनेबरोबर तिचे कारण दिलेले असे आणि अपवादही सांगितलेला असे. सिन्नरच्या एखाद्या टपरीतही असा माणूस भेटू शकतो. तो भेटला तर त्याच्याकडून थोडी महाग सायकल घेण्यातही नुकसान नाही.

व्यवहार ठरल्यावर पक्के बिल घ्यावे आणि त्यावर फ्रेमचा क्रमांक लिहून घ्यावा. चोरी झाल्यास पोलिसांकडे देण्यासाठी दुसरा पुरावा नसतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे हेही त्याच सदरात येते. त्यामुळे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला सदोष सायकलीच्या बाबतीत घाबरण्याचे कारण नाही. मात्र सल्ला ऐकून चुकीच्या मापाची, पण निर्दोष सायकल घेतली तर तिच्यासाठी हा आधार पुरेलच असे नाही. म्हणूनच मापाचा आग्रह पैसे देण्यापूर्वी धरायचा. दोष असूनही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि नाशिकला जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला शुल्क पडत नाही.

नवी सायकल महिनाभर चालली की केबल ताणल्या जातात, स्पोक आपापल्या जागी बसतात, गिअर थोडे खरखर करू लागतात. हे बिघाड नव्हेत. पहिली सर्व्हिसिंग बहुतेक दुकाने फुकट करून देतात. तिची तारीख त्याच बिलावर दुकानदाराच्या हातून लिहून घ्यावी आणि त्या दिवशी सकाळीच, गर्दी होण्यापूर्वी, सायकल घेऊन जावे.